येशूची चौकशी : कोणी केली, कुठे केली आणि कोणत्या आरोपाखाली?

प्रश्न थोडक्यात असा : कोणी मशीहा (यहुदी ज्याची वाट पाहत तो देवाने पाठवलेला उद्धारक; ग्रीकमध्ये ‘ख्रिस्त’) असल्याचा दावा केला की यरुशलेमची न्यायसभा, म्हणजे सन्हेद्रिन, त्याची दोन टप्प्यांत तपासणी करायची, आधी माणसे पाठवून नुसते निरीक्षण, मग उलटतपासणी, असे अनेक प्रवचनांत सांगतात. त्याला जोडूनच असेही सांगतात की कुष्ठरोग्याला शुद्ध करणे, मुके भूत काढणे आणि जन्मांधाला दृष्टी देणे हे तीन चमत्कार फक्त मशीहाच करू शकतो अशी यहुदी शिकवण होती. याला आधार किती? आणि स्वतःला मशीहा म्हणवणे हा खरोखर मृत्युदंडाचा गुन्हा होता का?

आधी उत्तर, मग कारणे. दोन टप्प्यांचा असा ठरीव नियम मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार शुभवर्तमानांत नाही, पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याच्यामध्ये नाही, मृत समुद्राकाठी कुमरान इथे सापडलेल्या प्राचीन यहुदी गुंडाळ्यांत नाही आणि इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नातही, म्हणजे यहुदी तोंडी कायद्याच्या संग्रहातही, नाही. मशीहा म्हणवणे हाही स्वतःहून गुन्हा नव्हता. तरीही येशूची चौकशी झाली, वारंवार झाली. ती एका मंडळाने एका पद्धतीने केलेली नव्हती, एवढे लक्षात घेतले की बराचसा गुंता सुटतो.

दोन टप्प्यांची कल्पना मुख्यतः लूक ५:१७ वरून काढली जाते. तिथे गालील, यहूदिया आणि यरुशलेम इथून आलेले परूशी (नियम पाळण्याविषयी आग्रही पंथ) आणि शास्त्री (नियमशास्त्राचे जाणकार) बसलेले आहेत, पक्षाघाती छपरातून खाली सोडला जातो आणि ते तोंडाने काही न बोलता मनातल्या मनात आक्षेप घेतात. पुढच्या प्रसंगांत ते बोलू लागतात, म्हणून हा ‘निरीक्षणाचा टप्पा’ आणि तो ‘प्रश्नांचा टप्पा’. कथेचा ओघ तसा आहे, पण ओघावरून कार्यपद्धती सिद्ध होत नाही. मार्क २:६ मध्ये तर फक्त ‘काही शास्त्री’ आहेत. कोणी पाठवले याचा उल्लेख नाही.

नियमशास्त्रात खरी कसोटी आहे ती संदेष्ट्याची. बायबलमधले ‘अनुवाद’ हे पुस्तक १८:२०-२२ मध्ये म्हणते, परमेश्वराच्या नावाने सांगितलेले घडले नाही तर तो संदेष्टा खोटा. अनुवाद १३:१-५ त्याहून कडक आहे : चिन्ह खरे ठरले तरी तो माणूस अन्य देवांकडे वळवत असेल तर त्याला मारायचे. म्हणजे चमत्कार झाला का, एवढ्यावर प्रकरण मिटत नाही. तो लोकांना कुठे नेतो हे पाहायचे. मार्क ३:२२ मध्ये यरुशलेमहून आलेले शास्त्री भुते निघतात हे नाकारत नाहीत, ती बालजबूलच्या, म्हणजे भुतांच्या अधिपतीच्या, साहाय्याने निघतात असे म्हणतात. ते अनुवाद १३ च्याच चौकटीत बोलत आहेत. ‘चमत्कार नाकारता येईना म्हणून पळवाट काढली’ हा प्रवचनातला नेहमीचा सूर त्यांच्यावर अन्याय करतो.

गुप्त पाळतीची पद्धत मिश्नात एका ठिकाणी आहे खरी (‘सन्हेद्रिन’ हे प्रकरण, ७:१०). पण ती मूर्तिपूजेकडे फूस लावणाऱ्यासाठी. असा माणूस धूर्त असेल आणि साक्षीदारांदेखत बोलत नसेल तर साक्षीदार कुंपणाआड लपवायचे आणि ज्याला त्याने फूस लावली त्याने त्याला पुन्हा बोलते करायचे. बाकी कोणत्याही देहदंडाच्या गुन्ह्यात असा सापळा लावू नये, असे तिथेच बजावले आहे. मशीहाचा तिथे संबंध नाही.

आता त्या तीन चमत्कारांचे. ‘हे फक्त मशीहाच करील’ अशी यादी त्या काळच्या कोणत्याही ग्रंथात मिळत नाही. कुष्ठरोग तर मशीहावाचूनही बरा झाल्याचे शास्त्रातच आहे : मिर्याम (गणना १२) आणि अलीशाच्या सांगण्यावरून यार्देनेत बुडी मारणारा नामान (२ राजे ५). कुमरानच्या गुंडाळ्यांपैकी ४क्यू५२१ या क्रमांकाचा तुकडा मात्र जरूर वाचावा. त्यात मशीहाचा उल्लेख आहे आणि पुढे आंधळ्यांना दृष्टी, जखमींना आरोग्य, मृतांना जीवन, दीनांना सुवार्ता अशी मालिका आहे. लूक ७:२२ शी तिचे साम्य ठळक आहे. पण तिथेही ही कामे बहुधा देवच करतो, मशीहा नव्हे, असे अनेक अभ्यासक वाक्यरचनेवरून म्हणतात.

मार्क १:४४ मध्ये येशू बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला ‘याजकाला दाखव’ म्हणतो. ही मशीहाची तपासणी सुरू झाली असे सांगितले जाते. लेवीय १४ उघडून पाहिले तर याजक तपासतो तो रोगी. बरे करणारा नव्हे. क्रम असा : याजक छावणीबाहेर जाऊन अंग पाहतो. दोन जिवंत शुद्ध पक्षी, गंधसरूचे लाकूड, किरमिजी सूत आणि एजोब आणतात. एक पक्षी मातीच्या भांड्यात वाहत्या पाण्यावर मारतात, त्या रक्तात दुसरा पक्षी आणि बाकीच्या वस्तू बुडवून माणसावर सात वेळा शिंपडतात आणि जिवंत पक्षी मोकळ्या रानात सोडतात. माणूस कपडे धुतो, सगळे केस काढतो, स्नान करतो, सात दिवस तंबूबाहेर राहतो आणि सातव्या दिवशी भुवयांसकट पुन्हा सगळे केस काढतो. आठव्या दिवशी दोन निर्दोष कोकरे, एक वर्षाची एक निर्दोष मेंढी, तेलात मळलेला तीन दशांश एफा सपीठ आणि एक लोगभर तेल. दोषार्पणाचे रक्त उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतात. या सगळ्यात ‘तुला कोणी बरे केले?’ असा प्रश्न कुठेही नाही. गरिबासाठी अर्पण कमी करण्याची सोय त्याच अध्यायात आहे, म्हणजे हा नेहमीच्या वापरासाठी लिहिलेला विधी होता, मशीहा येईपर्यंत कपाटात ठेवलेला नव्हे.

मग चौकशी केली कोणी? इथे परूशी आणि मुख्य याजक यांची गल्लत सर्वांत जास्त होते. परूशी हा नियम पाळण्याविषयी आग्रही असलेल्यांचा पंथ. जोसेफस त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक देतो. गालीलात त्यांच्या हाती अटकेचा अधिकार नव्हता. गालील हेरोद अंतिपा या तिथल्या शासकाच्या ताब्यात होते, यरुशलेमचे मंदिर-शिपाई तिथे चालत नसत. म्हणून कफर्णहूम आणि आसपासच्या प्रसंगांत जे दिसते ती झडती नसून वाद आहे : जकातदारांबरोबर जेवण, उपास, शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) असताना कणसे मोडणे, हात न धुता खाणे. असे वाद परूशी आपापसांतही घालत. हिल्लेल आणि शम्माय या गुरूंच्या परंपरांचे मतभेद मिश्नात पानोपानी आहेत. मार्क ३:६ मध्ये ते हेरोदी लोकांशी मसलत करतात, कारण गालीलात काही घडवून आणायचे तर हेरोदाची माणसे लागणार.

एक मोजदाद स्वतः करून पाहावी. मार्कात परूशांचे नाव शेवटचे येते १२:१३ ला, कैसराला कर देण्याच्या प्रश्नात. अटक, रात्रीची चौकशी, रोमी सुभेदार पिलातापुढची सुनावणी, वधस्तंभ यांत ते नावानिशी नाहीत. तिथे आहेत मुख्य याजक, वडील आणि शास्त्री. योहान १८:३ मध्ये परूशांचा उल्लेख आहे, मत्तय २७:६२ मध्येही आहे. पण खटल्याची सूत्रे याजकवर्गाकडे आहेत यावर चारही शुभवर्तमानांचे एकमत आहे.

‘तू कोण?’ असे अधिकृतपणे विचारायला यरुशलेमहून शिष्टमंडळ गेल्याचा स्पष्ट दाखला एकच आहे आणि तो येशूचा नाही, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा आहे (योहान १:१९-२८). याजक आणि लेवी यार्देनेपलीकडच्या बेथानीला जाऊन तीन नावे विचारतात : ख्रिस्त? एलीया? तो संदेष्टा? या तीन नावांवरून अपेक्षा किती वेगवेगळ्या होत्या ते दिसते. कुमरानच्या समाजनियमात एक संदेष्टा आणि अहरोनाचा व इस्राएलाचा असे दोन मशीहा अपेक्षिले आहेत. शलमोनाच्या स्तोत्रांपैकी १७वे दाविदवंशी राजाची वाट पाहते. एलीयाची वाट पाहणे आपल्याकडेही अपरिचित नाही : कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, आजही एलियाहू हन्नावीच्या (संदेष्टा एलीयाच्या) नावाने मलिद्याचा विधी करतात. मशीहाची एकच ठरलेली व्याख्या नसताना त्याच्या तपासणीचा एकच ठरलेला नमुना असणे अवघडच होते.

प्रत्यक्ष जबानी घेतल्यासारखे काही वाचायचे असेल तर योहान ९ घ्या. येशू थुंकीने माती कालवून जन्मांधाच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला शिलोह तळ्यावर धुवायला पाठवतो. त्या दिवशी शब्बाथ. यात दोन आक्षेप एकदम येतात. मळणे-कालवणे हे मिश्नाने (शब्बाथ ७:२) मना केलेल्या ३९ कामांपैकी एक. आणि जिवाला धोका असेल तर शब्बाथ बाजूला सारता येतो (योमा ८:६), पण जन्मापासून आंधळा असलेला माणूस आणखी एक दिवस थांबू शकला असता. लूक १३:१४ मधला सभास्थानाचा अधिकारी हेच म्हणतो : कामाला सहा दिवस आहेत, तेव्हा या.

मग चौकशी. आधी शेजारी ‘हा तोच का?’ म्हणतात. मग परूशी त्याला विचारतात, काय घडले? त्याचे उत्तर तुटक आहे : चिखल लावला, मी धुतले, मला दिसते. इथे परूशांतच फूट पडते. काही म्हणतात शब्बाथ मोडणारा देवाकडचा नव्हे, काही म्हणतात पापी माणूस असे चिन्ह कसे करील? ही फूट वाचताना बहुतेक जण गाळतात, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे, कारण अनुवाद १३ चा खरा पेच तोच. मग आईबापांना बोलावतात. ते दोनच गोष्टी कबूल करतात, हा आमचा मुलगा आणि हा आंधळा जन्मला. पुढचे त्यालाच विचारा, तो सज्ञान आहे. मग मुलाला पुन्हा बोलावून ‘देवाचे गौरव कर’ असे सांगतात, जे यहोशवा ७:१९ मध्ये आखानाकडून कबुली घेताना वापरलेले शब्द आहेत. शेवटी त्याला बाहेर घालवतात. येशूला या सगळ्यात एकदाही समोर बोलावलेले नाही. येशूला ख्रिस्त मानणाऱ्याला सभास्थानातून काढण्याचा जो ठराव ९:२२ मध्ये येतो, तो शतकाच्या अखेरच्या, शुभवर्तमान लिहिले गेले त्या काळच्या तणावाचे प्रतिबिंब असावे असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

यरुशलेममध्ये मामला बदलतो. मंदिरात सराफांचे चौरंग उलथल्यावर मुख्य याजक, शास्त्री आणि वडील विचारतात : ‘कोणत्या अधिकाराने?’ (मार्क ११:२८). न्यायसभेचे तीनही घटक इथे एकत्र आहेत, आणि प्रश्न मशीहापणाचा नाही, परवानगीचा आहे. त्या चौरंगांवर सोर शहराच्या चांदीची नाणी मिळत. अर्ध्या शेकेलचा मंदिरकर त्यातच भरायचा असे. वल्हांडण या मोठ्या यहुदी सणाच्या गर्दीत ही व्यवस्था थांबवणे म्हणजे मंदिराच्या कारभारालाच हात घालणे. पुढचे प्रश्नही पाहा : कराचा प्रश्न रोमच्या कचाट्यात पकडण्यासाठी, सात भावांशी एकामागून एक लग्न झालेल्या बाईचा प्रश्न सदूकींच्या (मेलेले पुन्हा उठतात हे न मानणाऱ्या पंथाच्या) पुनरुत्थानविरोधासाठी. पहिली आज्ञा विचारणारा शास्त्री मात्र मनापासून विचारतो आणि शाबासकी मिळवतो.

रात्रीच्या चौकशीबद्दल ‘खटला बेकायदा होता’ अशी लांबलचक यादी मिश्नाच्या आधारे दिली जाते. मिश्नाच्या ‘सन्हेद्रिन’ प्रकरणातले नियम असे : देहदंडाचा खटला दिवसा चालवायचा आणि निकालही दिवसाच, दोषी ठरवायचे तर दुसऱ्या दिवशी, म्हणून शब्बाथाच्या किंवा सणाच्या आदल्या दिवशी असा खटला नको (४:१). निदान २३ न्यायाधीश. खोट्या संदेष्ट्यासाठी ७१ (१:४-५). सुटकेला एका मताचे आधिक्य पुरे, दोषी ठरवायला दोन मतांचे. साक्षीदारांना सात प्रश्न : सात वर्षांच्या कोणत्या चक्रात, कोणत्या वर्षी, महिन्यात, तारखेला, वारी, घटकेला, कोणत्या जागी (५:१). नियम नमुनेदार आहेत. अडचण अशी की ते मंदिर पडल्यानंतर १३० वर्षांनी रब्बींनी लिहिले; इ.स. ३० च्या सुमारास सदूकी प्रमुख याजकाच्या सभेत ते लागू होते असे धरता येत नाही. म्हणून ‘अमुक इतके नियम मोडले’ हा आकडा ऐकला की सावध व्हावे.

त्याआधी आणखी एक प्रश्न : तो खटला होता की प्राथमिक चौकशी? मार्क १४ आणि लूक २२ शेजारी ठेवा. मार्कात चौकशी रात्री, साक्षीदार आहेत पण जुळत नाहीत (आणि अनुवाद १७:६ प्रमाणे दोन-तीन जुळत्या साक्षींशिवाय मृत्युदंड नाही), मंदिर मोडण्याचा आरोप आहे, शेवटी दुर्भाषणाचा, म्हणजे देवनिंदेचा, निकाल. लूकमध्ये चौकशी सकाळी, साक्षीदार नाहीत, मंदिराचा आरोप नाही, ‘दुर्भाषण’ हा शब्द निकालात नाही, आणि ‘ख्रिस्त आहेस का’ व ‘देवाचा पुत्र आहेस का’ हे दोन प्रश्न वेगवेगळे. योहानात आधी माजी प्रमुख याजक हन्ना याच्यासमोर शिष्य आणि शिकवण यांविषयी विचारपूस, मग त्या वेळचा प्रमुख याजक कयफा याच्याकडे रवानगी, आणि सभेच्या निकालाचा पत्ताच नाही. सभेचा निर्णय योहान ११:४७-५३ मध्ये आधीच झाला आहे, तोही आरोपीच्या गैरहजेरीत. निकदेमाने ७:५१ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला होता : ऐकून घेतल्याशिवाय आपले नियमशास्त्र कोणाचा न्याय करते का? चारही वृत्तांत एकत्र कालवून एकच ‘सहा टप्प्यांचा खटला’ बनवला तर हे सगळे फरक पुसले जातात.

आता दुर्भाषण. मिश्नाप्रमाणे (७:५) देवाचे खास नाव उच्चारल्याशिवाय हा गुन्हा होतच नाही. साक्ष घेताना नावाऐवजी पर्यायी शब्द वापरायचा. अखेरीस बाकीच्यांना बाहेर काढून मुख्य साक्षीदाराला ‘ऐकलेस ते जसेच्या तसे सांग’ म्हणायचे. तो सांगतो, न्यायाधीश उभे राहून कपडे फाडतात आणि ते पुन्हा शिवत नाहीत. मार्कात प्रमुख याजक कपडे फाडतो, ते या पद्धतीशी जुळते. (लेवीय २१:१० ची मनाई आठवून लोक अडखळतात, तिचा संदर्भ शोकाचा आहे, आणि सेवेची पवित्र वस्त्रे तो घरी घालून बसलेला नव्हता.) पण येशू नाव घेत नाही, ‘सामर्थ्याच्या उजवीकडे’ असे आडवळणानेच बोलतो. मिश्नाच्या कसोटीवर तो सुटला असता.

मग ठिणगी कशाने पडली? नुसत्या ‘ख्रिस्त’ शब्दाने नक्कीच नाही. इ.स. १३२ ते १३५ च्या बंडात बार कोखबाला रब्बी अकिवाने मशीहा म्हटले. रब्बी योहानान बेन तोर्ताने ‘अकिवा, तुझ्या गालांवर गवत उगवेल तरी दाविदाचा पुत्र आलेला नसेल’ अशी टर उडवली, पण दुर्भाषणाचा आरोप कोणी केला नाही. येशूच्या उत्तरात दानीएल ७:१३ चा ढगांवरून येणारा मनुष्याचा पुत्र आणि स्तोत्र ११०:१ ची उजव्या हाताची बैठक एकत्र येतात. देवाशेजारी बसण्याचा दावा, आणि ‘तुम्ही पाहाल’ या शब्दांत, न्याय करणाऱ्यांचाच न्याय होणार असा इशारा. अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो देवाच्या बरोबरीचा आव आणणाऱ्या माणसालाही ‘दुर्भाषण’ हाच शब्द लावतो, म्हणजे पहिल्या शतकात व्याख्या मिश्नाहून सैल होती. शिवाय लोकांच्या अधिपतीला शाप देऊ नये हे निर्गम २२:२८ आहेच.

पिलातापुढे मात्र कलम बदलते. रोमी सुभेदाराला दुर्भाषणाशी काय देणेघेणे? लूक २३:२ मध्ये तीन आरोप आहेत : राष्ट्राला फितवतो, कैसराला कर देऊ देत नाही, स्वतःला ख्रिस्त म्हणजे राजा म्हणवतो. मशीहापणाचा दावा गुन्हा होतो तो इथे, रोमी कायद्यात, राजद्रोह म्हणून. वधस्तंभावरच्या पाटीवरही आरोप ‘यहूद्यांचा राजा’ एवढाच आहे.

कयफाची बाजू समजून घ्यायची तर त्याची खुर्ची पाहावी. प्रमुख याजक रोमी अधिकारी नेमत आणि काढत. हन्नाला इ.स. १५ मध्ये काढल्यावर तीन जण आले आणि थोड्याच काळात गेले. कयफा १८ ते ३६ टिकला, पिलाताची सगळी कारकीर्द त्याच्याच काळात झाली. महायाजकीय वस्त्रेसुद्धा मंदिराला लागून असलेल्या अंतोनिया गढीत रोमी पहाऱ्यात असत आणि सणाआधी सात दिवस बाहेर मिळत, असे जोसेफस सांगतो. सणात दंगल झाली तर काय होईल हे अशा माणसाला कोणी सांगावे लागत नाही. ‘एका माणसाने मरावे हे हिताचे’ हे योहान ११:५० मधले वाक्य त्या खुर्चीतून आले आहे. मृत्युदंडाचा अधिकार नसल्याचे योहान १८:३१ सांगते, आणि इ.स. ६२ ची घटना त्याला पूरक आहे : सुभेदार जागेवर नसताना धाकट्या हन्नाने सभा भरवून येशूचा भाऊ याकोब याला दगडमार करवला, आणि त्यावरून त्याचे पद गेले.

त्याच वर्षी मांडवांच्या सणात हनन्याचा मुलगा येशू नावाचा एक शेतकरी मंदिराविरुद्ध ‘हाय हाय’ ओरडत फिरू लागला. पुढाऱ्यांनी मारहाण केली, मग सुभेदार आल्बिनसकडे नेले. हाडे उघडी पडेतो फटके बसले, तो प्रश्नांना उत्तर देईना, आणि वेडा म्हणून सुटला. मंदिराविरुद्ध बोलणे, याजकवर्गाने पकडणे, रोमी अधिकाऱ्याकडे सोपवणे, सगळे तेच. फरक एवढाच की त्याच्यामागे अनुयायी नव्हते आणि राजा म्हणून कोणी त्याचे नाव घेत नव्हते.

मिश्नावरच्या चर्चांचा नंतरचा संग्रह असलेल्या बाबेली ताल्मुदात (सन्हेद्रिन ४३अ) वल्हांडणाच्या आदल्या दिवशी टांगलेल्या येशूचा उल्लेख आहे, आरोप जादूटोणा आणि इस्राएलाला बहकवणे. उशिराचा मजकूर आहे, इतिहास म्हणून जपून वापरावा. पण त्यातही मशीहापणाचा आरोप नाही, अनुवाद १३ चा आहे. योहानातला ‘यहूदी’ हा शब्द येईल तिथे बहुधा यहूदियातले अधिकारी असे वाचावे. निकदेम, अरिमथाईकर योसेफ आणि प्रेषित ५ मधला गमलियेल हेही त्याच वर्तुळातले होते. अभ्यासगटात हे घ्यायचे असेल तर कागदावर चार रकाने पाडा, प्रत्येक प्रसंगापुढे कोण विचारतो, कुठे, कोणाच्या हद्दीत आणि नेमके काय एवढेच लिहा, आणि सुरुवात लूक २२:६६-७१ ने करा. मार्कातले काय काय तिथे नाही ते पहिल्याच बैठकीत लक्षात येते.